दोघांची सुट्टी एका दिवशी येतच नाही, मग मौजमजा करायची केव्हा?

रामबागवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय काढायचा होता, आज पोरं आजीबरोबर बाहेर गेलीत म्हणून बसून लिहितेच. मी इथे इंदूरला शाळेत शिकवते आणि हे पीथमपूरला कारखान्यात, पाळीवर. पीथमपूर म्हणायला आपल्या शेजारी पण जिल्हा लागतो धार, त्यामुळे रंगपंचमीला इंदुरात कलेक्टर साहेबांनी स्थानिक सुट्टी जाहीर केली, शाळा-कचेऱ्या बंद, राजवाड्यावर गेर, म्हणजे आपली रंगाची मिरवणूक, निघालीये, टँकरमधून रंगाचे फवारे वरच्या मजल्यांपर्यंत चाललेत, तरी यांची कंपनीची बस राजेंद्र नगरच्या चौराह्यावर आपली वेळेवर उभी. मी पोरांना घेऊन माहेरच्या गच्चीवर आणि हे मशीनवर. दिवाळीचं थोडंफार जमतं, बाकी सगळं असंच.

उलट मे महिन्यात माझी शाळा बंद. सगळे म्हणतात बाईंना काय, सुट्ट्याच सुट्ट्या. पण यांना मे काय आणि जून काय सारखाच, आणि माझी सुट्टी लागली की घर पाहुण्यांनी भरतं. वन्सं येतात मुलांना घेऊन, मामेसासूबाई येतात, मला सगळे आवडतात हे आधीच सांगते, घर भरलेलं असलं की बरंच वाटतं. पण कुरडया, पापड, कैरीचं लोणचं, सकाळ-संध्याकाळ दहा माणसांच्या पोळ्या, दुपारी आमरस, आणि संध्याकाळी पोरांना छप्पन दुकानला खायला न्या. जून उजाडतो, शाळा उघडते, आणि सगळे विचारतात काय मग, आराम झाला ना.

तर आम्ही दोघांनी काय केलं ते सांगते, कारण माझं म्हणणं त्यातच आहे. यांची दुपारची पाळी असते त्या आठवड्यात हे घरी पोचतात साडेअकरा-पावणेबाराला. पूर्वी मी जेवण झाकून झोपून जायची, सकाळी माझी शाळा, मी निघायची तेव्हा हे झोपलेले, असा अख्खा आठवडा आम्ही एकमेकांना फ्रिजवर चिठ्ठ्या लिहायचो, गॅस बुक केला, फी भरली. मग एकदा हेच म्हणाले, अगं या वेळेला अख्ख्या इंदुरात जागा कोण असतं, सराफा, दिवसा सोन्याचांदीचा बाजार आणि रात्री खाण्याचा. झालं, तेव्हापासून त्या आठवड्यातला एक मधला वार, बुधवार म्हणा गुरुवार म्हणा, आमचा ठरलेला. सासूबाई पोरांजवळ असतात. मी राजवाड्यापर्यंत येते, हे बसमधून उतरून स्कूटर घेऊन तिथे येतात, अंगावर अजून कंपनीचा शर्ट. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते पण मधल्या वारी तेवढी गर्दी नसते. दागिन्यांच्या पेढ्यांची शटरं खाली, त्यांच्या पायऱ्यांवर बसून खायचं. पावसाळ्यात भुट्ट्याचं कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, तो गरम तेलातून काढून मसाला भुरभुरला आणि लिंबू पिळलं की पहिला तुकडा यांना लागतो, दुसरा मला. तासाभरात परत. दुसऱ्या दिवशी शाळेत डोळे जड होतात, पण तो तास आमचा असतो, त्यात फीचा विषय निघत नाही असं आम्ही ठरवून घेतलंय.

माझं मत असं झालंय की आपल्यासारख्यांनी सुट्टी कॅलेंडरमध्ये बघत बसू नये, दोघांच्या कामांमध्ये जी फट पडते ती धरून ठेवावी आणि ती दुसऱ्या कुणाला देऊ नये. पण सणावाराचं काय करावं ते मला अजून नीट सुटलेलं नाही. तुम्ही लोक कसं जमवता? सविस्तर लिहा प्लीज, एक-दोन ओळीत नको.

राऊचा पाळीवाला

वहिनी, मी पण पीथमपूरच, दुसऱ्या सेक्टरला. तुमचं सराफ्याचं वाचून बायकोला दाखवलं, ती म्हणाली बघा.

माझ्याकडून एक गोष्ट. दुपारच्या पाळीत हे जमतं, रात्रपाळीच्या आठवड्यात नवऱ्याकडून काही अपेक्षा धरू नका आणि नवऱ्यांनीही शूरपणा करू नये. सकाळी सातला घरी येऊन नऊला मुलांना घेऊन पाताळपाणीला जायचं म्हणजे गाडी चालवताना डुलकी लागायची पाळी. आमच्याकडे ठरलंय की रात्रपाळीच्या आठवड्यात कार्यक्रम नाही, लग्नाला जायचं तर ती एकटी जाते, लोक विचारतात हे कुठे, ती सांगते झोपलेत. सुरुवातीला तिला लाज वाटायची, आता तिच्या माहेरची माणसंच आधी विचारतात कुठली पाळी चालू आहे म्हणून.

दुसरं, रविवारी किंवा तुमच्या वीकली ऑफला कंपनीने बोलावलं तर त्याची बदली सुट्टी मागून घ्या. आमच्यात निम्मे लोक मागतच नाहीत, जादा पैसे मिळाले की खूश. पैसे लागतातच, मी नाही म्हणत नाही, माझेही हप्ते आहेत, पण बदली सुट्टी बायकोच्या सुट्टीच्या दिवशी टाकून मिळते का ते सुपरवायझरला विचारायला काय जातं. तुमच्या शाळेचा सुट्ट्यांचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच येत असेल ना, त्याचा फोटो यांच्या फोनमध्ये ठेवा.

लोकमान्यनगरची काकू

बाळा रामबागवाली, तुझं सगळं वाचलं. सराफ्याला जाता ते छान करता. पण मला वाटतं खरा प्रश्न तू जाता जाता लिहून गेलीस, तो मे महिन्याच्या पोळ्यांचा आहे. नवऱ्याची आणि तुझी सुट्टी समजा एका दिवशी आली, आणि त्या दिवशी तू ओट्यापाशी आणि तो पाहुण्यांबरोबर गप्पा मारत, तर ती एकत्र सुट्टी झाली का? नाही झाली.

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. भाद्रपदातले ते तीन दिवस म्हणजे आवाहन, दुसऱ्या दिवशी महानैवेद्य, तिसऱ्या दिवशी निरोप. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, पंचामृत, आणि सवाष्ण-ब्राह्मण जेवायला. मी नोकरी केली पोस्टात, महानैवेद्याच्या दिवशी रजा टाकून पहाटेपासून उभी राहायची आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या तेव्हा मला हसायचं त्राण नसायचं. माझ्या सासूबाईंनी पण तसंच केलं होतं, त्यांच्या सासूबाईंनीही. माझी सून आली, ती बँकेत आहे. तिने पहिल्याच वर्षी शांतपणे विचारलं, आई यात देवाचं काय आहे आणि आपण वाढवलेलं काय आहे ते मला सांगाल का. मी बसून विचार केला. मग आम्ही असं केलं की भाज्या निवडणं आणि चिरणं आदल्या रात्री घरातल्या पुरुषांनी, माझे हे आणि मुलगा, दोघं खाली सतरंजी टाकून बसतात, रेडिओ लावून. पुरणयंत्र मुलगा फिरवतो, त्याच्या हाताला जोर आहे, पुरण असं मऊ येतं की माझ्या हातून कधी आलं नाही. नैवेद्याचं पान सोवळ्यात मी करते. जेवायला येणाऱ्यांची संख्या कमी केली, देवीने काही म्हटलं नाही. चार वाजता आम्ही सगळे जेवून मोकळे, आणि मग संध्याकाळी सून नवी महेश्वरी नेसून नवऱ्याबरोबर गणपती बघायला निघते. मी दारातून बघते, मला फार बरं वाटतं. आधी कामाची वाटणी करा, मग सुट्टीचा विचार करा, उलट्या क्रमाने नाही जमत.

तिखट जीरावण

+१ काकू. पुरणयंत्राचं आमच्या घरात पण लागू करतो.

गिरणीतला टाइमकीपर

मी आता ७० च्या पुढे आहे, मिलमध्ये टाइम ऑफिसला होतो, हजेरी आणि रजेची वही माझ्याकडे असायची, त्यामुळे चार शब्द.

रजा उरवू नका. आमच्या वेळी १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे वर्षात ठराविक हजेरी भरली की वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा जमायची, आणि पुढच्या वर्षात ३० दिवसांच्या वर नेता यायची नाही. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा. मी बघायचो, माणसं रजा साठवून साठवून ठेवायची, मुलीच्या लग्नाला होईल, आजारपणाला होईल, आणि शेवटी वर्ष संपताना वाया घालवायची किंवा मार्चमध्ये घरी बसून काढायची, बायको-मुलं शाळा-कामावर आणि हा एकटा पंख्याखाली. तुमच्या यजमानांनी रंगपंचमीची रजा जानेवारीतच लेखी मागावी. फाल्गुन वद्य पंचमी कुठल्या तारखेला आहे ते पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. तोंडी मागितलेली रजा सुपरवायझर विसरतो, कागदावरची विसरता येत नाही. एखादं वर्ष मिळणार नाही, पण दरवर्षी नाही म्हणायला त्याला कारण लागेल.

आता जुनी गोष्ट सांगतो, विषयाला धरूनच आहे. मिल चालू होत्या तेव्हा भोंग्यावर घर चालायचं, सगळ्या मोहल्ल्याची पाळी एकच असायची म्हणून सुट्टीही एकच. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, निघायच्या, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी, रात्रभर. कामगार महिना-दीड महिना पाळी संपल्यावर थांबून त्या झाक्या बांधायचे आणि त्या रात्री बायका-मुलं घोंगडी, डबे घेऊन रस्त्याच्या कडेला जागा धरून बसायची. आपल्या बापाने बांधलेली झाकी आली की पोरं उभी राहून ओरडायची. हुकुमचंद १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, बाकीच्याही गेल्या, झाक्या मात्र कामगारांनी वर्गणी काढून, मदत घेऊन चालू ठेवल्या. आता तुम्हा लोकांची एकाच घरात दोन घड्याळं चालतात, एकाच्या कारखान्याचं आणि एकीच्या शाळेचं. आमच्या पिढीला हा प्रश्न एवढा पडला नव्हता, कारण आमच्या बायका घरात होत्या आणि त्यांना वीकली ऑफ कधीच नव्हता. काकूंनी बरोबर लिहिलंय.

विजयनगरची सून

मी पुण्याची, लग्न होऊन इंदूरला आले. नवरा आयटीत, अमेरिकेचे क्लायंट. आमच्याकडे पाळी वगैरे नाही, त्याहून अवघड आहे, कारण तो दिवसभर घरीच दिसतो. सासरच्यांना वाटतं घरी तर असतो. पण कॉल सुरू होतात संध्याकाळी, न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आपली सांज, आणि मी माझ्या ऑफिसातून येते नेमकी तेव्हाच. दार लोटलेलं आणि आतून त्याचा इंग्रजीतला आवाज. दिवाळीला त्याला सुट्टी मागावी लागते आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचं थँक्सगिव्हिंग आलं की तो मोकळा, त्या दिवशी माझं ऑफिस चालू. लक्ष्मीपूजनाला आरतीच्या मध्ये फोन वाजला तेव्हा मी खूप रडले होते, सण कसले यांच्या घरात असं वाटलं.

रामबागवाली ताई, तुमची ती फट वाली गोष्ट आमच्याकडे घड्याळाने दिली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत घड्याळ तासभर मागे करतात, मग उन्हाळ्यात साडेसहाला सुरू होणारे कॉल साडेसातला सुरू होतात, थेट मार्चपर्यंत. तर हिवाळाभर आम्हाला संध्याकाळचा एक तास जास्त मिळतो. आम्ही दोघं तेव्हा मेघदूत बागेत चक्कर मारतो, येताना पोहे नाहीतर शिकंजी. पुण्यात असताना मला वाटायचं लग्न झाल्यावर फिरायचं म्हणजे केरळ, मनाली. ते केलंही एकदा, तिथे हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडलाच त्याने, वायफाय मिळालं ना. आता आमचा नियम असा की बाहेरगावी जाताना लॅपटॉप नेला तर दिवसात एकच ठरलेली वेळ, ती त्याने आधी मला सांगायची, आणि त्या वेळेत मी झोपते किंवा एकटी बाजार फिरते. बाकी वेळ लॅपटॉप बॅगेत आणि बॅग कपाटात. हे पाळलं जातं. टीम लीडला पण सांगून ठेवलंय.

एकटा सायकलवाला

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. सगळी मजा जोडीनेच करायची असा आग्रह का? माझी बायको नाटकवेडी, मला नाटकात झोप येते. मी रविवारी पहाटे मित्रांबरोबर सायकल काढून जानापाव नाहीतर चोरलच्या बाजूला, ती तिच्या भिशीला आणि मराठी नाटक आलं की मैत्रिणींबरोबर नाटकाला. दोघं संध्याकाळी ताजेतवाने भेटतो, बोलायला पण काहीतरी असतं. सुट्ट्या जुळत नसतील तर ज्याची सुट्टी त्याने उपभोगावी. दुसऱ्याच्या सुट्टीची वाट बघत आपली घालवणं मला पटत नाही.

मुरारची परिचारिका

ग्वाल्हेरहून लिहितेय, इंदूरच्या धाग्यावर चालेल ना? मी दवाखान्यात, ड्यूटी तीन पाळ्यांची, हे रेल्वेत, तिथेही तीन पाळ्या. म्हणजे आमचं गणित तुमच्या दुप्पट अवघड.

आम्हाला कळलंय ते एवढंच की एका दिवसात संपणारा सण आपल्या हातचा नाही, जे बरेच दिवस चालतं ते आपलं. ग्वाल्हेरचा मेळा थंडीत लागतो, माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला, आणि आठवडेच्या आठवडे चालतो. त्यात एखादा दिवस तरी दोघांना सापडतोच, कधी दुपारी दोन तास, कधी रात्री. मुलांना पाळण्यात बसवायचं, यांना लोखंडी कढया-तव्यांची दुकानं बघायला आवडतात, मी स्वेटर बघते, मग पापड, सॉफ्टी. गर्दीच्या रविवारी आम्ही जातच नाही. तसंच डिसेंबरात तानसेन समारोह, तिकीट नाही, सकाळच्या आणि संध्याकाळच्या सभा वेगळ्या असतात, ज्या वेळी ड्यूटी नाही ती सभा गाठायची. रात्रपाळी उतरून सकाळची सभा ऐकलेली मी, समाधीजवळ थंडीत शाल गुंडाळून, नंतर घरी येऊन झोपले ती गाढ झोपले. राऊच्या दादांचं म्हणणं मला माहीत आहे, रात्रपाळीनंतर गाडी चालवू नका, ते अगदी खरं, मी ऑटोने गेले होते.

दिवाळीला गावी जायच्या तिकिटाचं सांगते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आलं. लोक कुरकुरतात पण पाळीवाल्यांना ते बरं पडतं, चार महिने आधी कुणाला माहीत असतं ड्यूटी कधी लागेल. साठ दिवस आधी इन्चार्जशी बोलून सांगता तरी येतं की या तारखांना मला सोडा. आरक्षण उघडायच्या आठवड्यात दोघांनी आपापल्या साहेबांना भेटायचं, मग तिकीट काढायचं. तिकीट आधी आणि रजा मागून असं केलं की कॅन्सलेशनचे पैसे जातात.

तिखट जीरावण

ज्यांना मधल्या वारी दोघांनाही सुट्टी मिळू शकते त्यांनी महेश्वर करा. मानपूर, धामनोदवरून सकाळी लवकर निघालं की नर्मदेच्या घाटावर उन्हाच्या आधी पोचता येतं. मंगळवार-बुधवारी घाट मोकळा असतो, नावेने नदीतल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, वर किल्ल्यात अहिल्यादेवींची गादी बघायची आणि संध्याकाळी घरी. शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. मांडू पावसाळ्यात, तेही मधल्या वारीच. पाळीवाल्यांचा हा एक फायदा आहे, तो घ्या.

रामबागवाली

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं, एकदा स्वतः आणि एकदा यांना वाचून दाखवलं. एकेकाला उत्तर देते.

टाइमकीपर काका, रंगपंचमीचा अर्ज लेखी द्यायचं यांनी मान्य केलंय. पंचांग मी उघडून ठेवलंय. हे म्हणाले सुपरवायझर हसेल, मी म्हटलं हसू दे, सही तर घेईल ना पोच म्हणून. इंदुरात जन्मलेल्या माणसाने लग्न झाल्यापासून गेर बघितली नाही हे मला खूप लागतं. यांचे बाबा यांना खांद्यावर बसवून राजवाड्यावर न्यायचे, आमच्या पोरांना तसं यांच्या खांद्यावर बसून बघता यावं एवढीच इच्छा आहे. मोठा आता खांद्यावर मावायचा नाही, धाकटी मावेल.

सायकलवाले दादा, राग अजिबात नाही, तुमचं निम्मं पटलं. मी पण आपली सुट्टी यांची वाट बघत घालवत नाही, मैत्रिणींबरोबर जाते. पण ते सगळं करून वर दोघांचं असं काहीतरी लागतंच असं माझं ठाम मत आहे. तुम्ही लिहिलंत संध्याकाळी ताजेतवाने भेटतो. भेटता ना? आमच्या घरात ती संध्याकाळच नाही. ज्यांना रोज संध्याकाळी एकमेकांचं तोंड दिसतं त्यांना वेगवेगळी मजा परवडते. ज्यांना दिसत नाही त्यांनी पण वेगवेगळीच केली तर घरात राहणारी दोन ओळखीची माणसं उरतील. मला ते नको.

विजयनगरच्या सूनबाई, तुमचं घड्याळाचं वाचून मला फार आनंद झाला. लक्ष्मीपूजनाचं वाचून वाईटही वाटलं. यंदा आरतीच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा, आरती काही तासभर चालत नाही, क्लायंट तेवढं थांबेल.

काकू, तुम्हाला काय लिहू. तुमच्या सूनबाईंचा प्रश्न मी मे महिन्याला लावून बघितला, यात पाहुण्यांचं काय आहे आणि आपण वाढवलेलं काय आहे. कुरडया-पापड आपण वाढवलेलं आहे, ते आता चांगले विकत मिळतात, रामबागेतच एक बाई करून देतात. लोणचं मी घालणार, ते मला आवडतं. पोळ्यांना बाई ठेवायची पाहुणे असेपर्यंत, त्याचे पैसे मी काढून ठेवलेत. आणि वन्संशी फोनवर बोलले. जरा धाकधूक होती कारण नणंदेला असं सांगायचं म्हणजे तिला वाटायचं की माहेरी येऊ नको म्हणतेय. मी सरळ म्हटलं, ताई तुम्ही या, हवे तेवढे दिवस राहा, फक्त दोन दिवस पोरं आणि आई तुमच्याकडे सोपवून आम्ही दोघं महेश्वरला जाऊन येऊ, यांची बदली सुट्टी घेऊन. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, अगं हे तू आधी का नाही सांगितलंस, मला तर दरवर्षी वाटतं की आम्ही आलो की तुम्हाला घराबाहेर पडता येत नाही. वर त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षी आम्ही दोघं जाऊ का आणि पोरं तू सांभाळशील का. सांभाळेन म्हटलं.

लोकमान्यनगरची काकू

शाबास. नणंद चांगली आहे तुझी. महेश्वरला जाताय तर साडी तिथेच घे, आणि पोळ्यांच्या बाईला आगाऊ सांगून ठेव, मे मध्ये त्या मिळत नाहीत, सगळ्यांकडे पाहुणे असतात.

राऊचा पाळीवाला

वहिनी, मे मध्ये महेश्वरला दुपारी घाटावर दगड इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाहीत. पहाटे पोचा, दुपारी खोलीत, परत संध्याकाळी घाटावर. आणि यांना सांगा पहिल्या पाळीचा आठवडा बघून बदली सुट्टी मागा, रात्रपाळीला जोडून घेतली तर पहिला दिवस झोपेत जाईल.

विजयनगरची सून

ताई, एक विचारायचं राहिलं. मधल्या वारी सराफ्यात साडेबारापर्यंत सगळं चालू असतं का? याचे कॉल सव्वाबाराला संपतात. आणि एवढ्या रात्री राजवाड्याहून आम्ही दोघंच स्कूटरवर कसे येणार अशी सासूबाईंना काळजी आहे, म्हणून तुमच्या वारी आम्ही आलो तर चालेल का?

रामबागवाली

साडेबाराला चालू असतं, आरामात या. सासूबाईंना सांगा तेव्हा तिथे कुटुंबंच्या कुटुंबं असतात, पण काळजी वाटत असेल तर येताना आम्ही विजय नगरच्या वळणापर्यंत सोबत करू. यांची दुपारची पाळी पुढच्या सोमवारपासून आहे, बुधवारी या. राजवाड्यासमोर भेटू, आधी साबुदाण्याची खिचडी खाऊ, मग आत जाऊ. नवऱ्याला सांगा गराडू थंडीतच मिळतो, सध्या कीस आहे.